मळकट स्पंज

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस मी एक जुनी टाकी विकत घेतली. टाकी म्हटले की गच्चीवरची टाकी डोळ्यांपुढे येते. ही मात्र काचेची, माशांची. ६ फूट लांब, २ फूट रुंद, २ फूट उंच. रावपुऱ्यातल्या एका वृद्ध गृहस्थांच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला, बादल्या उचलणे त्यांच्याने होईना, म्हणून ती विकायला निघाली होती. तिच्याबरोबर दोन मासेही यायचे होते.

मासे ऑस्कर जातीचे, मूळचे ॲमेझॉनच्या खोऱ्यातले. सिक्लिड नावाच्या मोठ्या कुळातले. नाव परके वाटेल, पण कोकण-गोव्याकडचा चविष्ट कालुंदर आणि १९५२ साली भारतात आणलेली चिलापी ही याच कुळातली मंडळी. ऑस्कर मात्र ताटात नव्हे, माणसाच्या मर्जीत शिरतो. फूटभर वाढतो, रोज दाणे घालणाऱ्याला ओळखतो आणि टाकीतले खडे तोंडाने उचलून आपल्या मनाप्रमाणे मांडतो.

जुनी टाकी कशी पारखावी, हे त्या गृहस्थांनीच मला शिकवले. विकणाऱ्याने घेणाऱ्याला खोट शोधायला शिकवावे, हा व्यवहार मी प्रथमच पाहत होतो. सांध्यांतले सिलिकॉन नखाने दाबून पाहायचे; मग अंगणात सपाट जागी वर्तमानपत्रे पसरून त्यांवर टाकी काठोकाठ भरायची आणि रात्रभर तशीच ठेवायची. सकाळी कागदाच्या कडा कोरड्या होत्या. सौदा ठरला.

पुढे वजनाचा हिशेब. २४ घनफूट पाणी म्हणजे सुमारे ६८० लिटर, आणि तितकेच किलो. काच व वाळू धरून साडेआठशेच्या घरात. माझ्या मनात माडी होती. "अहो, त्या तुळया तुमच्या आजोबांच्या वेळच्या आहेत," असे हिने सांगितले आणि टाकी ओटीवर विराजमान झाली.

दोन दिवस पाणी भरून ठेवले आणि मासे आणायला गेलो. गृहस्थांनी माशांबरोबर एक बादलीही हाती दिली. तीत टाकीचेच पाणी आणि गाळणीतला तपकिरी, बुळबुळीत स्पंज. "हा जपा. टाकीपेक्षा मोलाचा आहे," ते म्हणाले. मी हसून मान डोलावली. आणि घरी येताच नळाखाली चोळून चोळून तो नव्यासारखा केला. स्वच्छतेचे संस्कार म्हणतात ते हेच!

तिसऱ्या दिवशी दोन्ही मासे वर येऊन धापा टाकू लागले. पाणी तर आरशासारखे नितळ. मी टेलिफोन केला. दुखऱ्या गुडघ्यांनी ते रिक्षा करून आले, हातात बादली. स्पंजकडे पाहून एवढेच विचारले, "धुतलात?"

गाळणी म्हणजे कचरा अडवणारी चाळणी, अशी माझी समजूत होती. तिचे खरे काम निराळेच. माशांच्या कल्ल्यांतून आणि मलातून अमोनिया पाण्यात उतरतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण विषारी. स्पंजच्या छिद्रांत वस्ती केलेले जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट पुष्कळ सौम्य. आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलले की ते आटोक्यात राहते. ही वस्ती नव्याने बसायला चार-सहा आठवडे लागतात. आजव्याचे पाणी नळाने येते ते क्लोरिन घेऊन. ते आपल्याला रोगजंतूंपासून वाचवते; पण त्या क्लोरिनने आणि माझ्या चोळण्याने स्पंजातली वस्ती उठवली होती.

त्यांनी निम्मे पाणी बदलायला लावले, नव्या पाण्यात छायाचित्रकारांचा हायपो घालून क्लोरिन घालवले आणि आपल्या घरच्या लहान टाकीतला मळका स्पंज बसवला. तरी मोठा मासा त्या रात्री गेला. "नऊ वर्षे होता माझ्याकडे," इतकेच ते म्हणाले. रागावले असते तर बरे झाले असते.

उरलेल्या माशासाठी गाळणी निवडताना मी त्यांचा शब्दन् शब्द ऐकला. वाळूखालची जाळी नको. ऑस्कर वाळू उकरून ती उघडी पाडतो. एकटा स्पंज या खादाडाला कायमचा पुरत नाही. डबाबंद कॅनिस्टर चांगला, पण वीज काही तास गेली की आतल्या जिवाणूंचा प्राणवायू संपतो. अखेर टाकीखाली दुसरी उघडी टाकी ठेवली. वरचे पाणी ओसंडून तीत येते, स्पंजातून व सच्छिद्र कड्यांच्या थरातून जाते आणि पंप ते पुन्हा वर चढवतो, तासाला साडेतीन हजार लिटर. पंप थांबला की वरचे थोडे पाणी खाली उतरते; तेवढी जागा खाली रिकामी ठेवावी लागते. पहिल्याच दिवशी मुद्दाम बटण बंद करून आम्ही ते पाहिले. त्यांचा मळका स्पंजही नव्या कड्यांशेजारीच ठेवला.

दोन महिन्यांनी गृहस्थ पुन्हा आले. मासा काचेपाशी येऊन त्यांच्याकडे पाहत राहिला. त्यांनी खालच्या टाकीतला स्पंज उचलून नाकाशी नेला. ओल्या मातीचा वास येत होता. "बसली वस्ती," ते म्हणाले.

आता स्पंज मी टाकीच्याच पाण्याच्या बादलीत हलकेच पिळतो. तो मळकटच राहतो. त्याच्याकडे पाहिले की गेलेला मासा आठवतो आणि हात नळाकडे जात नाही.