लक्ष नाही, म्हणजे काय?

हाक मारली तरी मान वर न करणाऱ्या विद्यार्थ्याच्या प्रगतिपुस्तकात ‘लक्ष नाही’ असा शेरा पडतो आणि शिक्षकाचे कर्तव्य संपते. परंतु लक्ष नसण्याची कारणे भिन्न असतात. अवधानाची न्यूनता व अतिचंचलता, म्हणजे एडीएचडी, असलेल्या मुलाचे चित्त खिडकीतल्या कावळ्यापासून शेजाऱ्याच्या पेन्सिलीपर्यंत भटकत असते. स्वमग्न मूल पुष्कळदा एकाच विषयात इतके बुडालेले असते की हाक त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. दोघेही संभाषणात मध्येच बोलतात. एकाला धीर धरवत नाही, दुसऱ्याला आपली पाळी कधी आली याच्या खुणा उमगत नाहीत. ऐकणाऱ्यास मात्र दोघे सारखेच उद्धट वाटतात!

आणि ही दोन्ही लक्षणे एकाच मुलात असली तर? अमेरिकन मनोविकार संघटनेच्या १९९४ च्या नियमावलीस असे दुहेरी निदान मान्य नव्हते. ती आडकाठी २०१३ मध्ये दूर झाली. असे मूल नित्यक्रमासाठी हट्ट धरते आणि तो क्रम स्वतःच मोडते. घरचे त्याला लहरी ठरवतात, क्वचित मारतातही.

आपल्या २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे; एडीएचडीचा स्वतंत्र उल्लेख नाही. ज्या मुलाच्या पदरी केवळ हेच निदान आले, त्याच्या पालकांनी या कायद्याचे कोणते कलम दाखवून शाळेशी भांडावयाचे, याचे उत्तर संसदेने द्यावयास हवे.