पणजीच्या आडनावाचा माग

क्युबेकमध्ये घराण्याचा शोध घेणारे जन्माची नोंद मागाहून बघतात, आधी लग्नाची धुंडाळतात. फ्रेंच काळातल्या चर्चच्या वहीत लग्न म्हणजे जेमतेम एक परिच्छेद, पण ऐवज भरपूर: नवरा, नवरी, दोघांचे आईवडील, कोण कुठल्या गावचं, साक्षीदार कोण, सही कुणाला येते नि कुणाला नाही. शिवाय आईचं नाव माहेरच्या आडनावानिशी. एक लग्न सापडलं की मागच्या पिढीतली दोन हाताशी येतात. असं मागे जात जात थेट सतराव्या शतकात बोटीतून उतरलेल्या माणसापर्यंत पोचता येतं. १६७९ पासून या वह्यांच्या दोन प्रती ठेवत, एक चर्चकडे, दुसरी न्यायालयाकडे. चर्च जळालं तरी वंशावळ बहुधा वाचे.

घोळ घातला तो पुरुषांनी. १६६५ मध्ये इरोक्वा लोकांशी लढायला कारिन्यान-सालिएर पलटणीचे सुमारे बाराशे शिपाई आले. फ्रेंच सैन्यात शिपायाला टोपणनाव असे: कुणी लाफ्लर म्हणजे फूल, कुणी सांसूसी म्हणजे बिनघोर, कुणी लाजनेस म्हणजे तरणाबांड. त्यातले चारेकशे जण जमीन घेऊन तिथेच राहिले आणि टोपणनाव कागदोपत्री मूळ आडनावाला ‘दी’, म्हणजे ऊर्फ, लावून चिकटलं. शिपाई नसलेल्यांनाही अशी नावं पडली. ओर्लेआं बेटावरचा आंत्वान पेपँ दी लाशांस घ्या. त्याचे काही वंशज आज पेपँ आहेत, काही लाशांस. कुलकर्णीपण आलं आणि मूळ आडनाव मागे पडलं, हे आपल्याकडेही झालंच. पण तिथे एकाच माणसाचा बाप्तिस्मा एका आडनावाने आणि दफन दुसऱ्याच आडनावाने होई.

पाळण्यातल्या नावांची तऱ्हा आणखी वेगळी. पुढे रूढ झालेल्या रिवाजात मुलगा असला की आधी जोसेफ, मुलगी असली की मारी, मग धर्मपित्याचं किंवा धर्ममातेचं नाव, आणि शेवटी घरात हाक मारायचं. पाच भाऊ आणि पाचही जोसेफ! मूल दगावलं तर त्याचंच नाव पुढच्या बाळाला देत, त्यामुळे नुसत्या नावावर विसंबणारा हमखास फसतो.

बाईचं आडनाव मात्र जागेवर असतं. १६६३ ते १६७३ या काळात फ्रान्सच्या राजाच्या खर्चाने सुमारे आठशे उपवर मुली तिथे धाडल्या गेल्या. त्या एकदा, दोनदा, क्वचित तीनदा लग्न करोत, वहीत त्यांचं माहेरचं आडनाव अखेरपर्यंत टिकलं. पुढच्या काळात व्यवहारात ‘मादाम अमुक’ म्हणून नवऱ्याचं नाव लागलं, चर्चच्या वहीने ते कधी मानलं नाही. १९८१ पासून तर क्युबेकच्या कायद्यानेच बायकोचं जन्माचं नाव कायम ठेवलं आहे. म्हणून माझं मत असं, की आडनाव शोधू नये, जोडपं शोधावं.

साधनं उत्तम आहेत. सिप्रियँ तांगे या धर्मगुरूने १८७१ ते १८९० दरम्यान सात खंडांचा वंशकोश काढला. त्यात चुका आहेत, तरी पाया त्याचाच. द्रुएँ संस्थेने चर्चच्या वह्यांचे मायक्रोफिल्म काढले, आणि माँट्रियल विद्यापीठ १९६६ पासून जुन्या नोंदी जुळवत आलं आहे. अशा नोंदींतून काय हाती लागतं, ते बघा: १६३४ मध्ये फ्रान्सच्या पेर्श प्रांतातून आलेला सुतार झाकारी क्लुतिए सहीच्या जागी कुऱ्हाड काढी. १८०० पर्यंत त्याचे दहा हजारांवर वंशज झाले होते. तेव्हा कुणा नामवंताशी नातं निघालं याचं फार कौतुक करू नये. जुन्या घराण्यातल्या बहुतेकांशी ते निघतंच.

धागा तुटतो तो सीमेपलीकडे. १८४० ते १९३० या काळात सुमारे नऊ लाख लोक अमेरिकेत गेले, त्यातले बरेच न्यू इंग्लंडच्या कापडगिरण्यांत. तिथे बुआव्हेरचा ग्रीनवुड झाला, रुआचा किंग, आणि बायकांची माहेरची आडनावं इंग्रजी कागदांतून गळाली. लेखक जॅक केरुआक अशाच गिरणगावातला, लोवेलचा. १९६५ मध्ये तो आपलं कूळ शोधायला फ्रान्सला गेला आणि हात हलवत परतला. कारण त्याच्या मूळपुरुषाने १७३२ मध्ये काप-सँ-इन्यास इथल्या लग्नात खरं नाव दिलंच नव्हतं. तो ब्रिटनी प्रांतातल्या एका नोटरीचा मुलगा, उर्बँ-फ्रान्स्वा ल बिआं, हे केरुआकच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी उजेडात आलं. नवरीने मात्र वहीत आपलं खरं नाव दिलं होतं: लुईझ बेर्निए.