सही स्वतःची, पडताळणी कुणाची?

दूरच्या संगणकावरचं काम आपल्याच संगणकावर चालल्यासारखं करून घ्यायचं, ही ‘रिमोट प्रोसीजर कॉल’ म्हणजे आरपीसीची कल्पना. झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रातल्या अँड्र्यू बिरेल आणि ब्रूस नेल्सन यांनी १९८४ च्या शोधनिबंधात तिची रचना तपशिलाने मांडली. कॉल आणि त्याचं उत्तर कूटबद्ध करण्याचा विचारही त्यात होता. पुढे आरपीसी सर्वत्र पसरलं, ही काळजी मात्र मागे पडली. सन कंपनीच्या आरपीसीत एक पद्धत अशी होती, की समोरचा संगणक सांगेल तो वापरकर्ता क्रमांक सर्व्हर खरा मानून चाले.

ही उणीव भरून काढण्याचा आजचा रुळलेला मार्ग म्हणजे रिव्हर्स प्रॉक्सी. आरपीसी सर्व्हर फक्त आतल्या पत्त्यावर ऐकतो. बाहेरच्यांशी टीएलएसने, म्हणजे कूटबद्ध जोडणीवरून बोलणं, ओळख तपासणं आणि मग विनंती आत सोडणं हे काम वाड्याच्या देवडीसारखं पुढे बसलेल्या एन्जिनएक्सचं किंवा एसटनेलचं.

बिटकॉइन कोअर या बिटकॉइन चालवणाऱ्या प्रोग्रामाचं उदाहरण यासाठी फार बोलकं आहे. त्याचं आरपीसी ८३३२ पोर्टवर चालतं. ज्याच्या हाती त्याचा पासवर्ड आणि उघडं वॉलेट, तो पैसे पाठवू शकतो. हा पासवर्ड प्रत्येक विनंतीबरोबर बेस-६४ मध्ये जातो, आणि बेस-६४ म्हणजे कुलूप नव्हे; ते कुणालाही उलगडता येतं. पूर्वी या प्रोग्रामात एसएसएलची, म्हणजे टीएलएसच्या जुन्या रूपाची सोय होती. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या कूटलेखनाच्या लायब्ररीतला ‘हार्टब्लीड’ दोष उघड झाला आणि ही सोय वापरणाऱ्यांसाठी तातडीने ०.९.१ आवृत्ती काढावी लागली. २०१६ च्या ०.१२ आवृत्तीत सर्व्हर आणि क्लायंट दोन्हींतून ती सोय काढूनच टाकली, आणि गरज असणाऱ्यांना एसटनेलची वाट दाखवली. मला हा निर्णय योग्य वाटतो. पैशाच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या प्रोग्रामात जितका कमी कोड, तितकं बरं.

मग प्रश्न येतो टीएलएसमध्ये सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्राचा. आपलेच दोन संगणक एकमेकांशी बोलणार असतील, तर प्रमाणपत्रावर आपणच सही केली तर काय बिघडलं? काहीच नाही. बाहेरच्या संस्थेची सही म्हणजे अभेद्य हमी, असं इतिहास सांगत नाही. २०११ मध्ये डिजिनोटार या डच संस्थेत घुसखोरी झाली, गूगलच्या नावाचं बनावट प्रमाणपत्र निघालं आणि इराणमधल्या लोकांवर पाळत ठेवायला वापरलं गेलं. त्याच वर्षी संस्थेचं दिवाळं निघालं. जुलै २०१४ मध्ये आपल्याकडच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या यंत्रणेतूनही गूगलच्या डोमेनांची अनधिकृत प्रमाणपत्रं निघाल्याचं उघडकीस आलं. आपलं प्रमाणपत्र आपण स्वतः नेऊन क्लायंटवर ठेवलं आणि क्लायंटला फक्त तेच मानायला लावलं, तर असल्या संस्थांवर विसंबावंच लागत नाही.

खरा घात होतो तो पुढच्या पायरीवर. स्वतः सही केलेलं प्रमाणपत्र दिसलं की क्लायंट अडतो, आणि घाईतला माणूस पडताळणीच बंद करतो. विनंती पाठवणाऱ्या कर्ल या प्रोग्रामाला ‘के’ हा पर्याय दिला की तक्रार थांबते. संवाद कूटबद्धच राहतो, पण कुणाशी चाललाय हे कळत नाही. मध्ये बसलेला चोर आपलं प्रमाणपत्र पुढे करून पासवर्ड घेऊन जातो. २०१२ मध्ये स्टॅनफर्ड आणि टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी ब्राउझरबाहेरचे प्रोग्राम तपासले, तेव्हा पैसे चुकते करणाऱ्या लायब्रऱ्यांतही हाच रोग सापडला. एका ठिकाणी नाव जुळतंय का हे तपासायला २ हा आकडा द्यायला हवा होता, तिथे ‘ट्रू’ लिहिलं होतं. त्याचा अर्थ १ झाला, आणि नाव जुळवणं बंद पडलं.

क्लायंट का अडतो, याची कारणं बहुधा साधी असतात. गो या प्रोग्रामिंग भाषेने २०२० च्या १.१५ आवृत्तीपासून प्रमाणपत्रातलं ‘कॉमन नेम’ मानणं सोडलं. नाव किंवा आयपी पत्ता ‘सब्जेक्ट ऑल्टरनेटिव्ह नेम’मध्येच लागतो. मुदत दिली नाही तर ओपनएसएसएल ३० दिवसांचंच प्रमाणपत्र देतं, आणि महिन्याने सगळं ठप्प होतं. प्रमाणपत्राची खाजगी किल्ली चोरीला गेली, तर मात्र जुनं प्रमाणपत्र प्रत्येक क्लायंटवरून हाताने काढावं लागतं. कष्टाचं काम आहे, पण ते टाळता येत नाही.

प्रॉक्सीच्या मागचा टप्पाही विसरू नये. २०१३ मध्ये बाहेर आलेल्या अमेरिकी हेरसंस्थेच्या एका चित्रात, गूगलच्या दारातल्या सर्व्हरवर एसएसएल उतरतं ती जागा खूण करून दाखवली होती. आतल्या तारांवरून माहिती उघडी धावत होती आणि तिथेच ती टिपली जात होती. म्हणून प्रॉक्सी आणि आरपीसी सर्व्हर एकाच यंत्रावर नसतील, तर आतही टीएलएस हवंच, तेही पडताळणीसह.

एन्जिनएक्समध्ये मागच्या सर्व्हरचं प्रमाणपत्र तपासणारी ‘प्रॉक्सी एसएसएल व्हेरिफाय’ ही कळ मुळात बंद असते. एसटनेलमध्येही ‘व्हेरिफाय पीअर’ मुळात बंदच. तुमच्या ताब्यात असा एखादा सर्व्हर असेल, तर कॉन्फिग फाइल उघडा, या ओळी शोधा, विश्वासू प्रमाणपत्राचा मार्ग द्या आणि त्या चालू करा. मग मुद्दाम चुकीचं प्रमाणपत्र लावून बघा. जोडणी नाकारली गेली, तरच काम झालं असं समजा.