गिटार खरी की नकली?

दोस्तांनो, दादाने पै-पै साठवून जुनी 'गिब्सन लेस पॉल' इलेक्ट्रिक गिटार घेतली आणि ती निघाली नकली, तर? पैसे गेले, वर हसं! तेव्हा आधी जरा हेरगिरी करू या.

गिटारीच्या माथ्यावर घंटेसारखी छोटी पट्टी असते. तिचे स्क्रू मोजा. गिब्सनला दोनच असतात. तीन दिसले, की कान टवकारा! नक्कल करणारे इथे पुष्कळदा फसतात.

आता माथ्याची मागची बाजू बघा. १९७७ ते २००५ या काळातल्या बहुतेक गिब्सनवर तिथे आठ आकडी नंबर असतो. पहिला आणि पाचवा आकडा मिळून साल, मधले तीन म्हणजे वर्षातला कितवा दिवस. समजा, नंबर आहे ८१२३५५०१. साल ८५, दिवस १२३वा. मोजा बरं कॅलेंडरवर. ३ मे १९८५! आणि मधले आकडे ४१२ असले तर? एवढ्या दिवसांचं वर्ष कुणी पाहिलंय?

पण नंबर जुळला म्हणून लगेच पैसे काढू नका हं. लबाड लोक खऱ्या गिटारीचा नंबरही उतरवून घेतात. गिटार दुरुस्त करणाऱ्या जाणकाराला सोबत न्या, मागचं झाकण काढून आतलं वायरिंग बघू द्या. विकणारा झाकणाला हात लावू देत नसेल, तर दादाला म्हणा, 'चल घरी!'