हात उताणा होईपर्यंत

औंढ्याच्या देवळात नागनाथाचं दर्शन घेऊन, अरुंद पायऱ्या चढून वर आलो आणि तीर्थासाठी उजवा हात पुढे केला. पळीतलं पाणी हातावर पडलं आणि तसंच खाली सांडलं. तळवा उताणा होतच नव्हता. अंगठा वर, करंगळी खाली, भिंतीला लावून ठेवलेल्या फळीसारखा हात उभाच्या उभा. खांदा वाकवून पाहिला, कंबरेतून तिरपा झालो. मागच्या बाई म्हणाल्या, "अहो, हात नीट धरा की." प्लास्टर निघून तेव्हा चार दिवस झाले होते.

नर्सीला परतवारीच्या एकादशीला गेलो होतो. येताना चिखलावरून दुचाकी घसरली आणि सगळा भार उजव्या तळव्यावर आला. मनगटाच्या वरचं हाड मोडलं. डब्लिनचे सर्जन अब्राहम कॉलिस यांनी १८१४ साली या मोडणीचं वर्णन लिहून ठेवलं. क्ष-किरणांचा शोध लागायला तेव्हा ऐंशीएक वर्षं बाकी होती, त्यांनी ते नुसतं पाहून आणि चाचपून ओळखलं. आजही डॉक्टर तिला कॉलिस फ्रॅक्चरच म्हणतात. मला सहा आठवड्यांचं प्लास्टर घातलं. जिथं घातलं तिथं "हात हलवायचा नाही" एवढंच सांगितलं. मी आज्ञाधारक माणूस, बोटंसुद्धा हलवली नाहीत. हाड छान जुळलं आणि हात गेला.

म्हणून हिंगोलीतल्या एका गल्लीत, वर पत्रे असलेल्या फिजिओथेरपीच्या दोन खोल्यांत मी रोज सकाळी जाऊन बसू लागलो. भिंतीवर लाकडी पट्टी, तिला खाचा. खांदा आखडलेला माणूस त्या खाचांवरून बोटं चालवत हात वर नेतो. शेजारी विहिरीच्या रहाटासारखं चाक. छताला कप्पी, दोरी, दोन मुठी. एका कोपऱ्यात मेणाची स्टीलची टाकी, दुसऱ्यात करंटची मशीन. आणि टेबलावर एक परात. तिच्यात कपड्यांचे चिमटे, गोट्या, तूर आणि मूग एकत्र केलेले. पहिल्या दिवशी मला वाटलं, घरचं निवडणं आणलंय. ती परात म्हणजे हातांची शाळा होती. बोटांत बारीक पकड यावी म्हणून तूर एका वाटीत, मूग दुसऱ्या.

फिजिओथेरपिस्ट बाई तिशीच्या आतबाहेरच्या. म्हाताऱ्या त्यांना माय म्हणतात, बाकीचे म्याडम. त्या सगळ्यांना काका, मावशी, आजी. पहिल्याच दिवशी त्यांनी माझं कोपर बरगडीला चिकटवायला लावलं, मुठीत पेन दिलं आणि प्लास्टिकची पारदर्शक कोनमापक पट्टी मनगटाशी धरली. शाळेच्या कंपासपेटीतल्या कोनमापकाला दोन हात फुटावेत तशी ती पट्टी. "फिरवा." पेन जेमतेम कललं. कागदावर आकडा आला २०. डावा हात मोजला, ८५. या दोन आकड्यांमधले ६५ अंश म्हणजे तीर्थ, पाठीला साबण, दुकानदाराने परत दिलेली चिल्लर, आणि भाजीवाल्याच्या तराजूतून पिशवीत पडणारे बटाटे. हे सगळं उताण्या हाताचं काम आहे हे पन्नाशी उलटल्यावर मला कळलं.

मग त्यांनी माझा हात हातात घेतला. हा भाग नीट सांगायला हवा, कारण लोकांना वाटतं तसं ते चोळणं नव्हे. एका हाताने त्यांनी कोपराखालचं हाड घट्ट धरलं, दुसऱ्या हाताचा अंगठा मनगटाच्या हाडावर ठेवला आणि ते हाड शेजारच्या हाडावरून किंचित, अगदी जोंधळ्याच्या दाण्याएवढं, पुढे-मागे सरकवू लागल्या. पुढे, मागे, पुढे, मागे, संथ लयीत. पावसाळ्यात फुगलेलं दार चौकटीत अडकतं, तेव्हा जाणता माणूस धक्का न मारता ते हलवत हलवत सोडवतो. तसंच. दुखलं, पण ते दुखणं गोड होतं म्हटलं तर चुकणार नाही. त्यांच्या स्वतःच्या अंगठ्याला पट्टी बांधलेली होती. या पेशातल्या पुष्कळांचे अंगठे पुढे दुखतात. दिवसभर दुसऱ्यांची हाडं त्याच अंगठ्यांनी सरकवायची असतात.

"आता घरचं," त्या म्हणाल्या. "खलबत्ता आहे?" होता. बत्त्याचं टोक मुठीत धरायचं, जड बाजू वर, आणि कोपर न हलवता तो बाहेरच्या अंगाला हळूहळू कलू द्यायचा. बत्त्याचं वजनच तळवा उताणा करतं. दहा वेळा, दिवसातून पाचदा. काखेत वर्तमानपत्राची घडी ठेवायची. ती पडली की समजायचं, मनगटाऐवजी खांदा फिरला. आठवडाभर माझं वर्तमानपत्र वाचून कमी आणि पडून जास्त झालं.

तिथं येणाऱ्या दहांतल्या आठांना मात्र करंट हवा असतो. त्या मशीनने वेदना काही वेळ दबते, स्नायू सैल पडतो, मग व्यायाम करता येतो. तिचं काम तेवढंच. पण अंगात मुंग्या आल्या की उपचार झाल्यासारखं वाटतं, आणि रिकाम्या हातांनी केलेल्या दहा आवर्तनांना कोणी उपचार मानत नाही. सेनगावकडून एसटीने आलेले एक आजोबा रागावूनच बसले होते, "आज करंट कमीच दिला तुम्ही." म्याडमनी मशीनचा आकडा दाखवला, कालचाच होता. मग म्हणाल्या, "काका, गुडघ्याखाली उशी ठेवून ती दाबायचा व्यायाम किती वेळा केला?" काकांनी भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्राकडे पाहिलं.

फिजिओथेरपीची ही विद्या आपल्याकडे काही फार जुनी नाही. पोलिओने लुळी पडलेली मुलं समोर होती म्हणून मुंबईत केईएम रुग्णालयात १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला तिचं शिक्षण सुरू झालं. महाराष्ट्रात या पेशाच्या परिषदेचा कायदा आहे तो २००२ सालचा. म्हणजे १ मे १९९९ला परभणीतून वेगळा निघालेला आमचा हिंगोली जिल्हासुद्धा त्या कायद्याहून थोरला. साडेचार वर्षं शिकून, शरीरातला स्नायू न् स्नायू पाठ करून आलेल्या या बाईंची गावातली ओळख मात्र "करंटवाल्या म्याडम" हीच.

मेणाची गंमत वेगळी. टाकीत पन्नास-बावन्न अंशांना वितळलेलं मेण, त्यात पातळ पॅराफिन मिसळलेलं. तेवढ्या गरम पाण्यात हात ठेववणार नाही, पण मेण उष्णता सावकाश सोडतं, म्हणून सोसतं. बोटं फाकवून हात बुडवायचा, बाहेर काढायचा, थर गोठू द्यायचा, पुन्हा बुडवायचा. आठ-दहा वेळा. पांढरा मोजा तयार होतो. वर प्लास्टिकची पिशवी, टॉवेल, वीस मिनिटं. सोलून काढलं की आतली कातडी लोण्यासारखी मऊ आणि आखडलेली बोटं थोडा वेळ ऐकायच्या मनःस्थितीत. ती वेळ धरायची आणि लगेच व्यायाम. नुसतं मेण लावून घरी जाणं म्हणजे तवा तापवून भाकरी न टाकणं.

पण मेणाआधी त्या प्रत्येकाच्या बोटांना कापसाने स्पर्श करून विचारतात, डोळे मिटून सांगा, कुठं लागलं? मग दोन नळ्या लावतात, एक गार, एक कोमट. मधुमेहाने किंवा कुष्ठरोगाने ज्याची संवेदना गेली आहे, त्याला चटका कळत नाही आणि हात भाजून निघतो. एक जण गुडघ्याला बिब्बा लावून आले होते. ठणका जाईल म्हणून कोणीतरी सांगितलेलं. गुडघ्यावर रुपयाएवढे फोड. म्याडमनी शेक दिला नाही, मशीन लावली नाही. फोड दाखवायला त्यांना आधी डॉक्टरांकडे पाठवलं.

वसमतकडची एक मावशी अंगठा धरून आली. "लई दुखू लालाय, माय. भाकरीचं पीठ मळवंना." म्याडमनी तिला अंगठा आत घेऊन मूठ मिटायला लावली आणि मूठ हलकेच करंगळीच्या बाजूला झुकवली. मावशी किंचाळलीच. अंगठ्याच्या मुळाशी दोन शिरा एका अरुंद नळीतून जातात. गावात शिरा म्हणतात, त्या असतात स्नायूंच्या दोऱ्या. त्या नळीला सूज आली की प्रत्येक पिळ्यासरशी दोरी आत घासते. द केरव्हां नावाच्या स्विस सर्जनने १८९५ साली हे दुखणं नोंदवलं. मावशीला त्याच्याशी काय करायचंय. तिचं वर्ष असं जातं: माघ-फाल्गुनात हळदीच्या गड्ड्यांपासून हळकुंडं मोडून वेगळी करायची, पावसाळ्यात खुरपणी, मग सोयाबीनची सोंगणी, त्यानंतर कापूस वेचणी, आणि बाराही महिने दोन वेळा म्हशीची धार. प्रत्येक कामात अंगठाच दाबायचा. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पिवळ्या झालेल्या या अंगठ्यांचीही कुठं नोंद व्हायला हरकत नव्हती.

तिला अंगठ्याला आधार देणारी पट्टी मिळाली आणि धार काढण्याचं काम तीन आठवडे सुनेकडे द्यायला सांगितलं. मावशी हसली. त्या हसण्याचा अर्थ म्याडमना कळला असावा, कारण त्यांनी लगेच दुसरं सांगितलं. खुरप्याच्या मुठीला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळायची. मूठ जाड झाली की ती धरायला जोर कमी लागतो. हा उपाय मावशीने ऐकला आणि केलाही. पुढच्या खेपेला खुरपं पिशवीत घालून दाखवायला आणलं.

आता त्या पोराचं सांगतो. कळमनुरीकडचा, तेवीस-चोवीस वर्षांचा. ऑगस्टमध्ये कडबा कुट्टीच्या मशीनमध्ये उजव्या हाताची मधली दोन बोटं गेली होती. तुटली नाहीत, पण बोट मिटणाऱ्या दोऱ्या कापल्या गेल्या. नांदेडला नेऊन त्या शिवल्या. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पाचवा आठवडा होता. बोटं पुढे झुकलेली राहतील असं कवच मनगटापासून नखांपर्यंत. दोरी शिवली तरी ती लगेच ओढ सोसत नाही. आणि अजिबात हलवली नाही तर आजूबाजूच्या मांसाला चिकटते, मग शिवलेली असूनही बोट मिटत नाही. म्हणजे हलवायचं, पण जोर नाही. म्याडमनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्याच्यासाठी खुणा केल्या होत्या. बारा आठवडे होईपर्यंत काहीही उचलायचं नाही. कळशीसुद्धा नाही.

तो इमानदारीने यायचा. माझ्या बत्त्याला हसायचा. सातव्या आठवड्यात त्याचं बोट तळव्यापासून दोन बोटांवर आलं होतं आणि त्याला स्वतःलाच त्याचं अप्रूप, येईल त्याला मूठ दाखवायचा. मग ऑक्टोबर उजाडला, सोयाबीन वाळलं आणि खोली निम्मी रिकामी झाली. तोही दिसेनासा झाला. सोयाबीनची शेंग वाळून तयार झाली की तडकते, दाणे रानातच पडतात. त्यात आभाळ येत होतं. मळणीचं यंत्र, आमचा हडंबा, एका दिवसासाठी मिळतो, तो दिवस हुकला की पुढच्याची वाट.

दहा-बारा दिवसांनी आला तेव्हा हात खिशात होता. म्याडमनी काही विचारलं नाही. बोट टेबलावर उताणं ठेवलं, मधलं पेर आपल्या चिमटीत धरून ठेवलं आणि म्हणाल्या, "फक्त शेंडा वाकव." अनामिकेचा शेंडा थोडा वाकला. मधल्या बोटाचा हललाच नाही. त्याने दात आवळले, कपाळाला घाम आला, शेंडा तसाच. पुन्हा एकदा. तसाच.

"सोयाबीनचा कट्टा उचलला?"

"एकच. गाडीत टाकायला कोनी नव्हतं." मग म्हणाला, "सुतळी तुटल्यावानी आवाज आला, म्याडम." आणि थोड्या वेळाने, "सोयाबीन थांबत नसतंय."

मला वाटलं आता त्या बोलणार. त्या बोलल्या नाहीत. नांदेडच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली, वर तारीख आणि आठवडा टाकला, उद्याच जा म्हणाल्या. घरी येताना मी त्याच्यावर मनातल्या मनात चिडलो होतो. मग आठवलं की माझा कट्टा उचलायला माणसं आहेत, माझा पगार पावसात भिजत नाही, आणि एवढं असून मी बत्त्याच्या पाचापैकी दोन वेळा रोज बुडवत होतो. बारा आठवड्यांचं कॅलेंडर आणि खरिपाचं कॅलेंडर एका भिंतीवर बसत नाही. यात अडाणीपणा शोधणाऱ्यांनी एकदा ऑक्टोबरात आमच्याकडे यावं.

माझं म्हणाल तर २०चे ३५ झाले, मग ४५वर गाडी पंधरा दिवस अडली. तेव्हा मी त्यांना म्हणालो, मशीन वाढवून पाहू या का? स्वतःच्या तोंडून ते ऐकलं आणि सेनगावचे काका आठवले. बत्ता पाचही वेळा सुरू केला. ६० आले, दिवाळीनंतर ७५. उरलेले दहा येतील किंवा नाहीत, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. चिल्लर आता हातावर राहते. औंढ्याला अजून जाणं झालेलं नाही.

हे वाचणाऱ्या कोणाच्या हातावर आज प्लास्टर असेल, तर डॉक्टरांना विचारून प्लास्टरबाहेरची बोटं, कोपर आणि खांदा आजपासूनच हलवायला लागा. तासातासाला मूठ मिटा, उघडा. हात उशीवर उंच ठेवा. बोटं निळी पडली, बधिर झाली किंवा ठणका वाढतच चालला, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री दवाखाना गाठा. आणि प्लास्टर निघेल त्याच आठवड्यात फिजिओथेरपीला जा. जाताना घरात बत्ता आहे का ते पाहून ठेवा.