चमचा वाकवून केलेलं हत्यार, आणि अडलेल्या बाईची गोष्ट

डहाणू/तलासरी : करवंदीच्या जाळीत कोयता चालवायचा असेल, तर एकजण बेचक्याच्या काठीने काटेरी फांद्या बाजूला धरतो. मगच दुसऱ्याला आतलं दिसतं. ऑपरेशनचंही तसंच आहे. कापायचं हत्यार वेगळं आणि बाजूला धरून वाट मोकळी करणारं वेगळं. या दुसऱ्या हत्याराला रिट्रॅक्टर म्हणतात.

बाळंतपणाच्या खोलीत 'सिम्स स्पेक्युलम' असतं, ते याच जातीचं. मध्ये दांडा आणि दोन्ही टोकांना बदकाच्या चोचीसारखं वाकलेलं पातं. तपासणीच्या वेळी योनीमार्गाची भिंत याने बाजूला धरतात. लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये याचे जुने नमुने जपून ठेवले आहेत.

हे हत्यार आलं कुठून? १८४५ साली अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात डॉ. मॅरियन सिम्स यांनी चमचा वाकवून ते पहिल्यांदा वापरलं. त्यांच्याकडे आणलेल्या काही बायका बाळंतपणात दिवस दिवस अडल्या होत्या. बाळाचं डोकं अडकून राहिलं की लघवीची पिशवी हाडावर दाबली जाते. तिथलं रक्त थांबतं, मांस मरतं, भोक पडतं आणि लघवी रात्रंदिवस गळत राहते. याला फिस्टुला म्हणतात.

त्या बायका गुलाम होत्या. अनार्का, ल्यूसी, बेट्सी ही त्यातली तीन नावं. नाही म्हणायची त्यांना सोय नव्हती. भूल न देता त्यांच्यावर पुन्हा पुन्हा ऑपरेशनं झाली. एकट्या अनार्कावर तीसच्या आसपास. १८४९ साली चांदीच्या तारेच्या टाक्याने अखेर भोक बुजलं. सिम्स यांचं नाव मोठं झालं, बायका मात्र विसरल्या गेल्या. २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधून सिम्स यांचा पुतळा हलवला, त्यामागे हेच कारण होतं.

आपल्याकडेही अशा हत्याराच्या मदतीने मोठं काम झालं. मूळचे गोव्यातल्या शिरोड्याचे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्राध्यापक होते. काही बायकांचं गर्भाशयाचं तोंड दिवस भरण्याआधीच उघडतं आणि चौथ्या-पाचव्या महिन्यात गर्भ पडतो. ते तोंड बांधून ठेवायचा टाका त्यांनी १९५५ साली मांडला. जगभर तो 'शिरोडकर टाका' म्हणून ओळखला जातो. तो घालतानाही आधी रिट्रॅक्टरने वाट मोकळी करावी लागते.

आता आपल्या पाड्यांचं बघू. फिस्टुला टाळता येतो. कळा सुरू झाल्या की घरी वाट बघत बसू नका. पाणी गेलं, रक्त जाऊ लागलं, रात्रभर कळा येऊनही बाळ पुढे सरकत नसेल, तर लगेच १०२ किंवा १०८ ला फोन लावा. गाडीचे पैसे लागत नाहीत. इथून वलसाड किंवा सिल्वासाला पाठवलं तर त्या अंतराचाही वेळ धरावा लागतो. म्हणून घरातून निघायला उशीर नको.

आधीच्या बाळंतपणापासून कुणाची लघवी गळत असेल, तर ती करणी नाही, बाहेरची बाधाही नाही. ऑपरेशनने ते बरं होऊ शकतं. लाजेने लपवू नका, आशाताईला सांगा. आणि तपासणीआधी काय करणार ते डॉक्टरांना विचारा, सोबत बाईमाणूस असू द्या. अनार्काला हे विचारता आलं नव्हतं. आपल्या लेकीसुनांना तो हक्क आहे.