निलंबित अन्वेषक आणि गोपनीय माहिती

पोलिसी रहस्यकादंबरीत नायकाचे निलंबन हा केवळ कथानकातील अडथळा नसतो. निलंबनाने अधिकार जातो, शोधवृत्ती मात्र उरते. आणि या दोहोंतील अंतर गोपनीय माहितीने भरून काढले जाते. ती माहिती कोण, कशी पुरवितो, यावर कृतीची नैतिक बाजू अवलंबून असते.

आयन रँकिन यांच्या ‘एक्झिट म्युझिक’ (२००७) या कादंबरीत एडिंबरोचा रीबस निवृत्तीच्या उंबरठ्यावर निलंबित होतो. सहकारी शिवॉन क्लार्क मात्र त्याला तपासापासून तोडत नाही. येथे धोका माहिती देणारी व्यक्ती जाणूनबुजून पत्करते; म्हणून तिचा नियमभंग विश्वासाचे माप ठरतो.

मायकेल कॉनेली यांच्या ‘द लास्ट कोयोटी’ (१९९५) मधील हॅरी बॉश सक्तीच्या रजेवर आहे. आईच्या १९६१ मधील हत्येचा शोध घेताना तो आपला वरिष्ठ पाउंड्स याचे नाव परस्पर वापरतो, आणि त्यापायी पाउंड्सचा बळी जातो. येथे अधिकार उसना नव्हे, बळकावलेला आहे. किंमत मात्र संमती न देणारा मोजतो.

वाचक नायकाच्या बाजूचा असल्याने नियमभंग त्याला सहज न्याय्य वाटतो. कॉनेली त्या सहानुभूतीचाच हिशेब मागतात.